वासुदेव बळवंतांच्या मागे गेलेली माणसं

आमच्या इंदुरीत सरसेनापती खंडेराव दाभाड्यांनी बांधलेली गढी आहे. लहानपणी तिच्या दरवाजाशी एक म्हातारा रामोशी बसलेला असे. रात्री त्याच्या काठीचा ठोका ऐकू आला की आजी निर्धास्त झोपायची. मात्र गावात चोरी झाली की पहिली झडती त्याच्याच घराची. राखणही त्याची आणि संशयही त्याच्यावरच! त्या वयात मला यात काही वावगं वाटलं नाही.

हे आठवलं ते अलीकडे वासुदेव बळवंत फडक्यांचं चरित्र पुन्हा वाचताना. शाळेत आपण त्यांना आद्य क्रांतिकारक म्हणून शिकलो. बेड्या घातलेलं, दाढी वाढलेलं ते चित्र तुम्हालाही आठवत असेल. त्या चित्रात ते एकटे असतात. बंड मात्र एकट्यानं होत नाही.

फडक्यांचा जन्म ४ नोव्हेंबर १८४५ रोजी पनवेलजवळच्या शिरढोणचा. आजोबा कर्नाळ्याचे किल्लेदार होते. नातू मात्र पुण्यात लष्करी हिशेब खात्यात कारकून झाला. मी स्वतः आयुष्यभर खतावण्या तपासल्या, त्यामुळे या कारकुनाबद्दल मला आधीपासूनच आपुलकी. आई आजारी असताना साहेबानं वेळेवर रजा दिली नाही आणि आईची भेट चुकली. रजेच्या अर्जाचं दुःख नोकरदाराला वेगळं सांगावं लागत नाही. पण केवळ त्या रागातून बंड झालं असं म्हणणं फार सोपं होईल. त्यांनी आधी व्याख्यानं दिली, स्वदेशीचं व्रत घेतलं, सहकाऱ्यांबरोबर शाळा काढली. आजच्या महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटीचं मूळ तिथं आहे. लहुजी वस्ताद साळव्यांच्या तालमीत ते शस्त्रविद्या शिकले. हे वस्ताद मातंग समाजातले. जातीची उतरंड कडक असलेल्या पुण्यात एक ब्राह्मण कारकून त्यांना गुरू मानतो, ही गोष्ट मला आईच्या रजेपेक्षा मोठी वाटते.

मग १८७६-७७ चा दुष्काळ आला. गावोगाव फिरून फडक्यांनी माणसं मरताना पाहिली आणि व्याख्यानांवरचा त्यांचा विश्वास उडाला. आपल्यासारख्या शिकलेल्यांकडे ते आधी गेले. टाळ्या मिळाल्या, माणसं फारशी मिळाली नाहीत. तेव्हा ते रामोशांकडे वळले. कोळी, धनगरही आले, पण कणा रामोशांचा होता.

रामोशीच का? गावाची आणि किल्ल्यांची राखण हे त्यांचं पिढीजात काम. त्याबद्दल जमिनी, हक्क आणि मान. पेशवाई गेली, इंग्रजांचे पोलीस आले आणि हे हक्क आटत गेले. पुरंदरच्या परिसरात उमाजी नाईकांनी त्यासाठीच शस्त्र उचललं होतं. १८३२ च्या फेब्रुवारीत त्यांना पुण्यात फाशी झाली. म्हणजे फडके गेले तेव्हा त्या घरांत बंडाची आठवण अर्ध्या शतकाइतकीही जुनी नव्हती. शिवाय नाईकानं शब्द दिला की त्याची माणसं निघत. भरतीची कचेरी लागत नसे. नातं हीच कचेरी. फडक्यांना असे नाईक मिळाले ते दौलतराव.

अफगाणिस्तानचंच बघा. १९९२ साली काबूल पडल्यावर लढणारे गट वरवर पक्ष होते. आत रब्बानी-मसूद यांच्यामागे मुख्यतः ताजिक, दोस्तमच्या मागे उझबेक, हिज्ब-ए-वहदतमागे हजारा. १९९४ मध्ये कंदाहारातून निघालेले तालिबानही प्रामुख्यानं पश्तून. शस्त्र हाती घेताना माणूस आधी ओळखीचा चेहरा शोधतो, घोषणा नंतर ऐकतो. ज्या नात्यामुळे फौज पटकन उभी राहते, तेच नात्याबाहेरचा हुकूम मानायला तयार नसतं.

फडक्यांचं तेच झालं. फेब्रुवारी १८७९ मध्ये शिरूरकडच्या धामारीवर पहिला दरोडा पडला. हाती आले जेमतेम चारशे रुपये. फडक्यांच्या मनात पैसा जमवून मोठी फौज उभारायची होती. बरोबरच्यांना वाटणी हवी होती. घरी चूल थंड होती, त्यांनी दुसरं काय मागावं? फडके यावर खिन्न झाले आणि ती खिन्नता त्यांनी आपल्या आत्मवृत्तात लिहूनही ठेवली. त्यांच्या त्यागाबद्दल मला तिळमात्र शंका नाही. तरी या एका बाबतीत माझा कौल रामोशांच्या बाजूनं पडतो. घरच्या भाकरीची सोय न करता माणसाकडून निरपेक्ष त्यागाची अपेक्षा करणं, हा आम्हा पगारदारांचा जुना दोष.

त्या मे महिन्यात दौलतरावांनी कोकणात उतरून पळस्पे आणि चिखली इथं मोठी लूट मिळवली. परतताना मेजर डॅनियलच्या तुकडीनं त्यांना गाठलं आणि ते गोळीला बळी पडले. नाईक गेला, टोळी विरली. फडके निजामाच्या मुलुखात गेले. तिथं त्यांनी रोहिल्यांशी संधान बांधलं. अफगाण डोंगरांतून हिंदुस्थानात आलेल्यांचे हे वंशज. निजामाकडे शिपाईगिरी करत आणि सावकारीही. आपल्या बोलीतलं पठाणी व्याज अशाच मंडळींची आठवण. इस्माईल खान नावाच्या रोहिल्याशी पाचशे माणसांची बोलणी झाली. इथंही तेच: एक सरदार आणि त्याच्या शब्दावर चालणारी त्याची माणसं. पण वेळच मिळाला नाही. २० जुलै १८७९ रोजी आजच्या कर्नाटकातल्या देवर नावडगी इथं, तापानं फणफणलेले फडके झोपेत पकडले गेले.

पुण्यात खटला चालला, जन्मठेप झाली. पुण्याहून ठाण्याच्या तुरुंगाकडे नेताना त्यांची गाडी तळेगावावरून, आमच्या मावळातूनच गेली असणार. दुसरा लोहमार्ग नव्हता. जानेवारी १८८० मध्ये त्यांना एडनला नेलं. तिथं कोठडीचं दारच बिजागरीतून उखडून ते पळाले, पुन्हा पकडले गेले. १७ फेब्रुवारी १८८३ रोजी तिथंच त्यांचा अंत झाला.

फडक्यांचे पुतळे झाले, ते हवेतच. दौलतरावांच्या माणसांची नावं मात्र माझ्या पाठ्यपुस्तकात नव्हती. त्यांचा समाज आज सरकारदरबारी विमुक्त जातींच्या यादीत आहे.

चरित्र मिटलं आणि एक जुनी फाईल डोळ्यांसमोर आली. मी जिल्ह्यातल्या एका शाखेत नवा अधिकारी होतो. एक तरुण दोन म्हशींसाठी कर्ज मागायला आला. कागद व्यवस्थित होते. गाव आणि जात वाचून मी पेन हातात धरून थोडा वेळ बसलो. एका हमीदारावर काम भागत असताना मी त्याला तीन आणायला सांगितले. त्यानं वाद घातला नाही. कागद पिशवीत घातले, मला रामराम केला आणि तो गेला. पुन्हा आला नाही.