अळंबी खायची की नाही? ज्याँ-आंरी फाब्र यांचं बरोबर उत्तर आणि धोक्याचं उत्तर

शेणकिडे, गांधीलमाश्या, मुंग्या यांचं आयुष्य जगाला उलगडून दाखवणारा माणूस म्हणून ज्याँ-आंरी फाब्र हे नाव प्रसिद्ध आहे. पण त्यांची पहिली ओळख झाली ती अळंब्यांशी, आणि तीही घरच्यांच्या नजरेआड.

1823 च्या डिसेंबरात दक्षिण फ्रान्समधल्या सँ-लेओं या खेड्यात त्यांचा जन्म झाला. घरची परिस्थिती बेताची. अळंबी माणसाला मारते एवढंच आईला ऐकून माहीत होतं, त्यामुळे ती त्यांच्या ताटात कधी आलीच नाही. पोराला मात्र झाडाखालच्या ओल्या पाचोळ्यात उगवणारी ही रंगीबेरंगी मंडळी इतकी वाईट कशी असतील हे कळेना. काही अळंब्या मोडल्या की दुधासारखा चीक गाळायच्या, काही चुरगळल्या की निळ्या पडायच्या, तर एक दाबली की माथ्यावरच्या भोकातून धूर सोडायची. पुस्तक नाही, शिकवणारं कोणी नाही. मग त्यानं स्वतःच वर्गवारी केली: टोपीखाली पात्यांसारख्या पापड्या असलेल्या, बारीक भोकं असलेल्या, आणि मांजराच्या जिभेसारखे काटे असलेल्या. पुढे मोठेपणी पुस्तकं हाती आली तेव्हा शास्त्रज्ञांनीही हेच भेद केलेले आहेत, फक्त त्यांना लॅटिन नावं आहेत, हे त्याला कळलं. अळंबी ओळखताना टोपी उलटी करून आधी खाली बघायचं, ही सवय आजही पहिला धडा म्हणून शिकवली जाते.

शिष्यवृत्ती मिळवून फाब्र आव्हीन्योंच्या अध्यापक विद्यालयात शिकले आणि 1842 मध्ये कार्पांत्रास इथे शिक्षक झाले. पगार तुटपुंजा. जमीन मोजायला शिकवण्यासाठी ते मुलांना माळरानावर नेत, आणि मुलं मोजणी सोडून दगडांवरच्या रानमाश्यांच्या घरट्यांतला मध काडीनं चोखत बसत. गुरुजी रागावले नाहीत, उलट तेही त्यात सामील झाले. त्यांचं कीटकांचं वेड वाढलं ते इथूनच.

1850 च्या दशकात आव्हीन्योंला असताना त्यांनी ऑलिव्हच्या झाडाखाली येणाऱ्या, अंधारात उजळणाऱ्या एका विषारी अळंबीवर प्रयोग केले. तिचा प्रकाश प्राणवायूवर अवलंबून असतो, हवा काढून घेतली की तो विझतो, हे त्यांनी दाखवलं. पुढे मुलींसमोर फुलांच्या फलनावर व्याख्यानं दिली म्हणून गावातल्या सनातन्यांनी गहजब केला, आणि 1870 मध्ये घरमालकिणींनी त्यांना बिऱ्हाडासकट बाहेर काढलं. त्या वेळी पैशाची मदत केली ती इंग्रज विचारवंत जॉन स्टुअर्ट मिल यांनी. दोघांनाही वनस्पतींचं वेड होतं.

1879 मध्ये सेरिन्याँ गावात त्यांनी एक पडीक, दगडधोंड्यांची जागा घेतली आणि शेवटपर्यंत तिथेच राहिले. सुकवलेल्या अळंबीचा रंग आणि आकार दोन्ही जातात. म्हणून वयाच्या उत्तरार्धात फाब्र यांनी हाती ब्रश घेतला आणि परिसरात सापडेल त्या प्रत्येक अळंबीचं जलरंगात चित्र काढलं. अशी शेकडो चित्रं त्यांनी केली. चित्रकलेचं शिक्षण कुठे घेतलेलं नव्हतं.

विषारी कोणती हे ओळखायचे अनेक ठोकताळे तेव्हा लोकांत होते आणि आजही आहेत. त्यातला एक म्हणजे किड्यानं खाल्लेली अळंबी माणसालाही चालते. फाब्र यांनी हा ठोकताळा तपासून पाहिला. लोक जिच्या नावानंच घाबरतात त्या ‘सैतानी’ बोलेटवर अळ्या तुटून पडतात, तिचा अक्षरशः रस्सा करून पितात आणि ठणठणीत राहतात, हे त्यांनी पाहिलं. किड्याचं पोट वेगळं, आपलं वेगळं. इथे फाब्र पूर्णपणे बरोबर होते.

चुकले ते पुढच्या पायरीवर. सेरिन्याँचे लोक हाताला लागेल ती अळंबी घरी आणत, मीठ घातलेल्या पाण्यात उकळत, ते पाणी फेकून देत आणि अळंबी गार पाण्यानं अनेकदा धुऊन मग शिजवत. इतक्या वर्षांत गावात विषबाधा झाल्याचं फाब्र यांच्या कानावर आलं नव्हतं. त्यांच्या घरातही हीच पद्धत रुळली. एका डॉक्टर मित्रानं बदनाम जातीवर तिचा प्रयोग केला, तर एका अंध मित्रानं ती उजळणारी ऑलिव्हखालची अळंबीसुद्धा पचवली. उकळत्या पाण्यानं सगळं निभावतं, असा निष्कर्ष फाब्र यांनी काढला आणि छापला.

लाल टोपीवर पांढरे ठिपके असलेल्या फ्लाय अ‍ॅगॅरिकचं विष पाण्यात विरघळतं, म्हणून पाणी फेकलं की ते बरंचसं निघून जातं. डेथ कॅपचं तसं नाही. तिच्यातली अमाटॉक्सिन्स उकळून नष्ट होत नाहीत. ती दिसायला फिकट हिरवट, अगदी साधी असते, आणि युरोपात अळंबीनं होणाऱ्या बहुतेक मृत्यूंना तीच कारणीभूत असते. खाल्ल्यावर निदान सहा तास, बहुधा त्याहूनही जास्त वेळ काहीच जाणवत नाही. मग उलट्या-जुलाब होतात, मध्येच बरं वाटू लागतं, आणि तोवर यकृत निकामी होत आलेलं असतं. एका गावात कोणी दगावलं नाही एवढ्यावरून सगळ्या अळंब्यांसाठी नियम काढणं धोक्याचं होतं. किड्यांच्या बाबतीत स्वतः प्रयोग केल्याशिवाय कशावरही विश्वास न ठेवणाऱ्या फाब्र यांनी इथे मात्र शेजाऱ्यांच्या अनुभवावर भिस्त ठेवली.

फ्रान्समध्ये औषधविक्रेत्यांना शिक्षणातच अळंब्यांची ओळख शिकवली जाते, आणि शरद ऋतूत रानातून गोळा केलेली टोपली लोक दुकानात नेऊन त्यांच्याकडून तपासून घेतात. पाहणारा आधी टोपी उलटी करतो, मग देठाच्या बुडाशी पिशवीसारखं आवरण आहे का ते बघतो. हे आवरण म्हणजे डेथ कॅपची एक मोठी खूण, आणि अळंबी वरच्यावर खुडली तर नेमकं तेच मातीत राहतं.

11 ऑक्टोबर 1915 रोजी, अळंब्यांच्या ऐन हंगामात, फाब्र सेरिन्याँमध्येच वारले. त्यांचं घर आता संग्रहालय आहे.