ओसाड गावाची पुनर्वसाहत : जिजाबाईंच्या चरित्रातील पुणे पर्व

जिजाबाईंच्या चरित्राकडे मराठी वाङ्मयाने प्रामुख्याने मातृत्वाच्या अंगाने पाहिले आहे. बखरी, पोवाडे, कादंबऱ्या आणि नाटके यांतून उभी राहणारी जिजाबाई पुत्राला कथा सांगते, त्याच्या मनावर संस्कार करते आणि त्याच्या पराक्रमात कृतार्थ होते. ही प्रतिमा खोटी नाही, परंतु ती अपुरी आहे. इ.स. १६३६ नंतरच्या काळात पुणे परगण्यातील उजाड गावे पुन्हा नांदती करण्याचे जे काम झाले, ते या प्रतिमेत पार्श्वभूमीपुरतेच उरते. प्रस्तुत लेखात जिजाबाईंच्या चरित्राची मांडणी या कामाला मध्यवर्ती धरून करण्याचा प्रयत्न आहे.

सिंदखेडच्या लखुजी जाधवरावांची ही कन्या. त्यांचा जन्म इ.स. १५९८ मधील मानला जातो. वेरूळच्या भोसले घराण्यातील शहाजीराजांशी त्यांचा विवाह झाला. ही दोन्ही घराणी निजामशाहीच्या आश्रयाने वाढलेली होती, आणि त्या आश्रयाची किंमतही त्यांना मोजावी लागली. जुलै १६२९ मध्ये दौलताबादेस निजामशहाच्या दरबारात लखुजी आणि त्यांचे पुत्र मारले गेले. त्यानंतर अवघ्या काही महिन्यांनी, १९ फेब्रुवारी १६३० रोजी, शिवनेरीवर शिवाजीराजांचा जन्म झाला. माहेर उद्ध्वस्त झालेले, पती सततच्या मोहिमांत गुंतलेले आणि भोवती दुष्काळ, अशा स्थितीत जिजाबाईंचे मातृत्व सुरू झाले, हे चरित्रकाराने विसरता कामा नये.

इ.स. १६३० ते १६३२ या काळात दख्खन आणि गुजरात यांवर भयंकर दुष्काळ ओढवला. याच सुमारास आदिलशाहीचा सरदार मुरार जगदेव याने पुणे जाळले. गावावर गाढवाचा नांगर फिरवून तेथे पहार ठोकल्याची आणि तिला फाटके पायताण बांधल्याची आख्यायिका प्रसिद्ध आहे. या कृतीचा अर्थ नीट ध्यानात घ्यावयास हवा. गाव जाळल्याने घरे जातात, परंतु गाढवाचा नांगर फिरवल्याने त्या भूमीवर पुन्हा वस्ती करण्याची लोकांची इच्छाच नष्ट होते. गाव म्हणजे पांढरी आणि काळी, अर्थात वस्तीची जागा आणि पिकाची जमीन, यांचा परस्परसंबंध. तो तुटला की पाटील, कुळे आणि बलुतेदार परागंदा होतात, बांध फुटतात, विहिरी बुजतात आणि रान गावठाणात शिरते. पुण्याच्या बाबतीत नेमके हेच घडले होते.

इ.स. १६३६ मध्ये मोगल आणि आदिलशाही यांच्यात तह होऊन निजामशाही संपुष्टात आली. शहाजीराजे आदिलशाहीच्या सेवेत कर्नाटकात गेले; पुणे व सुपे हे प्रांत मात्र त्यांच्या जहागिरीत राहिले. या जहागिरीच्या व्यवस्थेसाठी जिजाबाई बालशिवाजीसह पुण्यास आल्या. त्यांच्या आगमनाच्या वर्षाबाबत अभ्यासकांत मतभेद आहेत. तथापि त्या आल्या तेव्हा कसबे पुणे हे परगण्याचे ठाणे नावापुरतेच उरले होते, याविषयी दुमत नाही. मुठा नदी आणि नागझरी यांच्या दरम्यान वसलेल्या या जुन्या वस्तीत, आज ज्याला आपण कसबा पेठ म्हणतो तेथे, लाल महाल उभा राहिला. जवळच्या गणपतीच्या देवालयाची उभारणीही परंपरा जिजाबाईंकडेच देते. ग्रामदैवताची प्रतिष्ठापना ही केवळ भक्तीची बाब नव्हती. पहारीने शापित ठरवलेली पांढरी पुन्हा राहण्याजोगी झाली आहे, अशी ती जाहीर ग्वाही होती.

सोन्याच्या नांगराची प्रसिद्ध कथाही याच संदर्भात वाचली पाहिजे. गाढवाच्या नांगराने केलेल्या अपशकुनाला सोन्याच्या फाळाने दिलेले ते उत्तर होय. परंतु कथेची शोभा मान्य करूनही हे सांगितले पाहिजे की, एका दिवसाच्या नांगरटीने गाव वसत नाही. परागंदा कुळाला परत यावयाचे तर त्याला चार गोष्टी लागतात : अभय, बैल, बियाणे आणि पहिले पीक हाती येईपर्यंतची मुदत. मध्ययुगीन महाराष्ट्राच्या महसुली व्यवहारात यासाठी कौल, तगाई आणि इस्तावा या संज्ञा रूढ होत्या. इस्तावा म्हणजे पडीक जमीन लागवडीस आणणाऱ्याकडून आरंभी नाममात्र सारा घेऊन तो वर्षागणिक चढवत नेणे. पुणे प्रांतात अशाच चढत्या दराने जमिनी लावून दिल्याची आणि काही वर्षांनंतर पूर्ण धारा बसवल्याची परंपरा बखरींनी नोंदवली आहे. या पद्धतीत एक शहाणपण आहे. जमिनीला सावरण्यास जितका काळ लागतो, तितका काळ सत्तेने थांबावे, हे तिचे तत्त्व होय.

दुसरा प्रश्न रानाचा होता. वस्ती उठल्यामुळे लांडगे आणि अन्य श्वापदे माजली होती. त्यांचा बंदोबस्त करण्यासाठी मावळातील डोंगरी लोकांना बक्षिसे दिली गेली, असे बखरी सांगतात. महसुली व्यवस्थेच्या कडेला राहिलेल्या या लोकांना त्यामुळे नव्या व्यवस्थेत मानाचे काम मिळाले. पुढे स्वराज्याच्या उभारणीत मावळ्यांनी जो वाटा उचलला, त्याची पूर्वपीठिका अशा व्यवहारांत शोधावी लागते. तिसरा प्रश्न पाण्याचा. पुण्याच्या दक्षिणेकडून येणाऱ्या आंबील ओढ्याला बांध घातल्याचे श्रेय परंपरा याच काळाला देते. शिवगंगेच्या खोऱ्यात खेडबारे येथे शिवापूरची वसाहत झाली आणि तेथे आमराई लावली गेली.

याच बागेतील आंबा दादोजी कोंडदेवांनी परवानगीवाचून तोडला आणि प्रायश्चित्त म्हणून अंगरख्याची बाही आखूड केली, ही कथा सर्वश्रुत आहे. तिच्या ऐतिहासिकतेपेक्षा तिच्यातील मूल्य महत्त्वाचे : अधिकारी कितीही मोठा असला तरी झाडाच्या फळावर त्याची सत्ता नाही. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात रामचंद्रपंत अमात्यांनी सिद्ध केलेल्या आज्ञापत्रात रयतेची आंबा-फणसादी झाडे तोडू नयेत, जीर्ण झाड हवे असल्यास मालकाला राजी करून व मोबदला देऊनच न्यावे, असा दंडक आढळतो. लोककथा आणि राजनीतीचा ग्रंथ यांतून एकच जाणीव प्रकट व्हावी, ही बाब वाङ्मयाच्या अभ्यासकाला विचारप्रवृत्त करणारी आहे.

येथे श्रेयाचा प्रश्न उपस्थित होतो. बखरकारांनी पुणे प्रांताच्या लावणी-संचणीचे कर्तृत्व दादोजींच्या नावावर मांडले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या मांडणीला आव्हान मिळाले आणि डिसेंबर २०१० मध्ये पुणे महानगरपालिकेने लाल महालातील दादोजींचा पुतळा हलवल्यावर हा वाद रस्त्यावर आला. दादोजी हे आदिलशाहीच्या वतीने कोंढाण्याचे सुभेदार होते आणि जहागिरीचा कारभारही पाहत होते, इ.स. १६४७ मध्ये ते निवर्तले. कारभाऱ्याचे काम नाकारण्याचे कारण नाही. परंतु कारभारी ज्या घराच्या वतीने कौल देतो, त्या घराची प्रत्यक्ष उपस्थिती हाच त्या कौलाचा आधार असतो. कर्नाटकात असलेल्या जहागीरदाराच्या शब्दावर कुळे परतली नसती. जहागीरदाराची पत्नी मुलासह त्याच जळालेल्या गावात राहावयास आली, ही गोष्ट त्यांना विश्वास देणारी ठरली. जिजाबाईंचे कर्तृत्व या निवासात आहे.

या कार्याच्या मर्यादाही नोंदवल्या पाहिजेत. गाव पुन्हा वसले ते जुन्याच चौकटीत. वतने, बलुती आणि जातवार आळ्या कायम राहिल्या. ज्यांची वस्ती वेशीबाहेर होती, ती वेशीबाहेरच राहिली. मात्र वतनदाराला जाब विचारता येतो, हे नव्या कारभाराने दाखवून दिले. रांझे गावच्या पाटलाने बदअंमल केल्यावरून जानेवारी १६४६ मध्ये त्याला झालेली कठोर शिक्षा शिवाजीराजांच्या पत्रातून ज्ञात आहे. स्त्रीच्या अब्रूचे रक्षण हीदेखील गाव नांदते राहण्याची अट आहे, असा त्या निवाड्याचा आशय होता.

पुढील काळात जिजाबाई राजगडावर राहिल्या. इ.स. १६६० ते १६६३ या काळात शाएस्तेखानाचा तळ पुण्यात पडला आणि त्यांनी वसवलेल्या गावाला पुन्हा सैन्याचा जाच सोसावा लागला. जानेवारी १६६४ मध्ये शहाजीराजांचे निधन झाले. इ.स. १६६६ मध्ये शिवाजीराजे आग्र्यास गेले असता राज्याचा भार त्यांनी वाहिला. ६ जून १६७४ रोजी पुत्राचा राज्याभिषेक पाहून त्यानंतर अकराव्या दिवशी, १७ जून रोजी, रायगडाच्या पायथ्याशी पाचाड येथे त्यांनी देह ठेवला.

त्यांच्या निधनानंतर दोन वर्षांनी, सप्टेंबर १६७६ मध्ये, शिवाजीराजांनी प्रभावळीचा सुभेदार रामाजी अनंत यास लिहिलेले पत्र या चरित्राची खरी फलश्रुती मानता येईल. गावोगाव फिरून कुणबी गोळा करावेत, ज्याला बैल नाहीत त्याला बैलांसाठी पैका द्यावा, पोटास दाणे द्यावेत आणि मुद्दल तेवढे वाढीदिढीवाचून हळूहळू वसूल करावे, अशी आज्ञा त्यात आहे. पुत्राला आईने रामायण-महाभारताच्या कथा सांगितल्या, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो. परंतु बैल गेलेल्या कुणब्याला काय लागते, हे ज्ञान कथांतून येत नाही. ते कसबे पुण्यात, उजाड पांढरीवर एकेक कूळ परत येताना पाहूनच येऊ शकते. जिजाबाईंच्या शिक्षणाचा हा भाग मराठी चरित्रवाङ्मयाने अद्याप पुरेसा लिहिलेला नाही.