सेमीफायनलमध्ये मैदानाबाहेर काढलेला गारिंचा फायनल खेळला कसा?

तारीख होती १३ जून १९६२. चिलीची राजधानी सँटियागो. वर्ल्डकपची सेमीफायनल, यजमान चिली विरुद्ध ब्राझील. ब्राझील ४-२ ने पुढे होतं आणि सामना संपायला जेमतेम सात मिनिटं राहिली होती. तेवढ्यात रेफरीने ब्राझीलच्या ७ नंबरच्या खेळाडूला मैदानाबाहेर जायला सांगितलं.

हा होता गारिंचा. या सामन्यात त्याने दोन गोल मारले होते. त्याआधी क्वार्टर फायनलमध्ये इंग्लंडलाही दोन मारले होते. पेले दुसऱ्याच सामन्यात जखमी होऊन बाहेर बसला होता आणि सगळी टीम गारिंचाच्या खांद्यावर होती.

बरं, हे खांदे भक्कम असले तरी पाय मात्र वाकडे होते.

१९३३ साली रिओजवळच्या पाऊ ग्रांदे या कापड गिरणीच्या गावात त्याचा जन्म झाला. नाव मानोएल फ्रान्सिस्को दोस सांतोस. गारिंचा हे एका चिमुकल्या पक्ष्याचं नाव, ते घरच्यांनी ठेवलं आणि तेच जगभर झालं. त्याचा उजवा पाय आत वळलेला, डावा बाहेर, आणि एक दुसऱ्यापेक्षा आखूड. असला पोरगा फुटबॉल काय खेळणार, असं कुणालाही वाटलं असतं. पण हा गिरणीत काम करता करता खेळत राहिला आणि १९५३ मध्ये बोटाफोगो क्लबने त्याला घेतलं. वाकड्या पायांमुळे तो कुठल्या बाजूला वळणार हे डिफेंडरला कळायचंच नाही. १९५८ चा वर्ल्डकप ब्राझीलने जिंकला, त्यात तो होता.

असा खेळाडू अडवायचा कसा? तर लाथा मारून. त्या काळी यलो कार्ड नव्हतं, रेड कार्डही नव्हतं. किती सहन करायचं आणि कधी बाहेर काढायचं, हे सगळं रेफरीच्या मनावर. गारिंचाने वर्षानुवर्षं लाथा खाल्ल्या. सँटियागोतही खाल्ल्या. शेवटी चिलीच्या एलाडिओ रोहासला त्याने मागून लाथ मारली आणि बाहेर गेला. जाताना प्रेक्षकांतून काहीतरी भिरकावलं गेलं आणि त्याचं डोकं फुटलं.

आता प्रश्न होता चार दिवसांनी होणाऱ्या फायनलचा.

आजचा नियम सरळ आहे. रेड कार्ड मिळालं की पुढचा सामना आपोआप गेला. १९६२ मध्ये असं काही आपोआप होत नव्हतं. फिफाची शिस्तपालन समिती बसायची आणि प्रत्येक प्रकरण वेगळं तपासायची. पेरूचे रेफरी यामासाकी यांनी लाथ स्वतः पाहिली नव्हती, त्यांना ती उरुग्वेचे लाइन्समन मारिनो यांनी सांगितली होती. आणि समितीसमोर साक्ष द्यायला मारिनो हजरच नव्हते, ते चिलीतून निघून गेले होते. ब्राझीलच्या फुटबॉल अधिकाऱ्यांनीच त्यांच्या प्रवासाची सोय केली, असा आरोप तेव्हापासून होत आला आहे.

समितीने समज देऊन गारिंचाला सोडलं. १७ जूनला अंगात ताप असतानाही तो फायनल खेळला. ब्राझीलने चेकोस्लोव्हाकियाला ३-१ ने हरवून कप राखला.

मग चिलीवाल्यांवर अन्याय झाला का? त्याच सेमीफायनलमध्ये त्यांच्या ओनोरिनो लांडालाही बाहेर काढलं होतं. तो तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यात दिसला नाही. पण याच वर्ल्डकपमध्ये चिली-इटली सामन्यात चिलीच्या लिओनेल सांचेसने ठोसा मारला तरी तो मैदानावरच राहिला, आणि ज्याला ठोसा बसला त्या मारिओ डेव्हिडला नंतर लाथ मारल्याबद्दल बाहेर जावं लागलं. म्हणजे अन्याय एकाच टीमवर झाला नाही. मोजायची पट्टीच रोज बदलत होती.

योगायोग बघा, त्या चिली-इटली सामन्याचे रेफरी होते इंग्लंडचे केन अॅस्टन. पुढे ट्रॅफिक सिग्नलवरून यलो आणि रेड कार्डाची कल्पना त्यांनीच मांडली. १९७० च्या वर्ल्डकपपासून कार्डं आली.

नियम कडक झाला तेव्हा तो उलट्या बाजूनेही टोचला. १९९८ मध्ये फ्रान्सचा लॉरां ब्लां सेमीफायनलमध्ये रेड कार्ड घेऊन बसला आणि घरच्या मैदानावरची फायनल त्याला बाहेरून बघावी लागली. २००२ मध्ये जर्मनीचा मायकेल बलाक दोन यलो कार्डांमुळे फायनलला मुकला. या दोघांसाठी कुणाचा लाइन्समन गायब झाला नाही. बलाकसारखी वेळ पुन्हा येऊ नये म्हणून २०१० पासून क्वार्टर फायनलनंतर यलो कार्डांची पाटी कोरी करायला सुरुवात झाली.

आणि गारिंचा? समितीने सोडलं, पण गुडघ्यांनी सोडलं नाही. खाल्लेल्या लाथा आणि दुखऱ्या गुडघ्यांत इंजेक्शनं घेऊन खेळलेले सामने वसूल झाले. १९६६ च्या वर्ल्डकपमध्ये हंगेरीकडून हरला तो त्याचा ब्राझीलसाठीचा शेवटचा सामना, आणि ब्राझीलकडून खेळताना झालेला एकमेव पराभवसुद्धा. गायिका एल्झा सोआरेसशी त्याने संसार थाटला. १९६९ मध्ये तो चालवत असलेल्या गाडीला अपघात झाला आणि त्यात एल्झाची आई गेली. दारू सुटली नाही. २० जानेवारी १९८३ रोजी, वयाच्या अवघ्या ४९ व्या वर्षी तो गेला. माराकाना स्टेडियमपासून पाऊ ग्रांदेपर्यंत लोक रस्त्यावर उभे होते.

लोकांचा आनंद, अशी त्याची ओळख होती. फायनलमध्ये तो हवा होता, हे सगळ्यांनाच वाटत होतं, आणि गडबड नेमकी तिथेच होती. जो सगळ्यांना हवा असतो त्याच्यासाठी नियम वाकतो आणि लांडासाठी कुणी समितीचं दार ठोठावत नाही. त्याच वेळी, गारिंचाला वर्षानुवर्षं तुडवणाऱ्यांना वेळीच बाहेर काढलं असतं, तर ती लाथ मारायची वेळ त्याच्यावर आली असती का, हेही विचारायला हवं.

तुम्ही त्या समितीत असता तर काय केलं असतं?