रॉबर्टो क्लेमेंटे

मुलांनो, क्रिकेटप्रमाणे बेसबॉल हाही बॅट आणि चेंडूचा खेळ आहे. रॉबर्टो क्लेमेंटे हे त्यातील थोर खेळाडू. त्यांचा जन्म १९३४ साली पोर्तो रिको बेटावर झाला. वडील उसाच्या मळ्यावर मुकादम होते. १९५५ पासून रॉबर्टो अमेरिकेतील पिट्सबर्गच्या संघातून खेळले. वर्ण आणि भाषा यांवरून त्यांचा अपमान होई. पण ते डगमगले नाहीत. ३० सप्टेंबर १९७२ रोजी त्यांनी ३००० वा यशस्वी फटका मारला.

त्याच डिसेंबरात निकाराग्वा देशात भीषण भूकंप झाला. पाठवलेली मदत गरजूंपर्यंत पोहोचत नाही, हे कळताच ३१ डिसेंबरला ते स्वतः सामान घेऊन विमानाने निघाले. विमान समुद्रात कोसळले. ते परतलेच नाहीत. सांगा बरे, त्यांचे मोठेपण कशात होते?