चोळराणी सेंबियन महादेवी

ज्या घरात धातूचे देव नाहीत असे घर आपल्या ज्ञातीत शोधूनही सापडावयाचे नाही. पितळेचा बाळकृष्ण, अन्नपूर्णा आणि कुलदैवतांचे चांदीचे टाक हे आपल्या देव्हाऱ्याचे नेहमीचे वैभव. परंतु नित्याच्या सहवासामुळे या मूर्तींकडे निरखून पाहण्याची सवय आपणांस राहिलेली नाही. म्हणून यंदाच्या स्मरणिकेसाठी चरित्र निवडताना आम्ही मुद्दाम दूरच्या तमिळ देशी गेलो, आणि सुमारे एक हजार वर्षांपूर्वी देवांच्या धातुमूर्तींना राजाश्रय देणाऱ्या एका विधवा राणीचे चरित्र वाचकांपुढे ठेवण्याचे योजिले. या राणीचे नाव सेंबियन महादेवी.

सेंबियन हे चोळ राजांचेच एक बिरुद होय. तेव्हा सेंबियन महादेवी म्हणजे चोळांची पट्टराणी. मळवरैयर नावाच्या सरदार घराण्यात जन्मलेली ही कन्या चोळनृपती पहिला परांतक याचा दुसरा पुत्र गंडरादित्य यास दिली होती. चोळांचे राज्य कावेरीच्या सुपीक खोऱ्यात, तंजावरच्या आसमंतात पसरलेले होते. इ. स. ९४९ मध्ये या राज्यावर मोठे संकट कोसळले, आणि ते आपल्याच दख्खनच्या दिशेने आले. राष्ट्रकूट सम्राट तिसरा कृष्ण याच्या सैन्याशी तक्कोलम येथे झालेल्या लढाईत चोळांचा युवराज राजादित्य रणांगणी पडला. थोरला भाऊ गेल्यामुळे राज्याची धुरा गंडरादित्याकडे आली. हा राजा वृत्तीने शिवभक्त होता. चिदंबरमच्या नटराजावर त्याने रचलेली स्तोत्रे तमिळ शैवांच्या पवित्र ग्रंथसंग्रहात आजही समाविष्ट आहेत. परंतु त्यास फार काळ राज्य लाभले नाही. इ. स. ९५७ च्या सुमारास तो निवर्तला.

महादेवींचा पुत्र उत्तम हा त्या वेळी लहान होता. सिंहासन दिराकडे आणि पुढे दिराच्या मुलाकडे गेले. पती गेला, राज्य आकुंचित झालेले, मुलाचा वारसा लांबणीवर पडलेला! अशा स्थितीत एखादी राणी कारस्थानांत गुंतली असती किंवा दुःखाने खचून अंतःपुरात दिवस कंठीत बसली असती. महादेवींनी यांपैकी काहीही केले नाही. पतीची शिवभक्ती त्यांनी आपले जीवितकार्य केले, आणि पतीमागे चाळीसांहून अधिक वर्षे ते निष्ठेने चालविले.

कावेरीकाठची कित्येक जुनी शिवालये त्या काळी विटांची होती. महादेवींनी ती एकामागून एक दगडात बांधून काढण्याचा सपाटा लावला. कोनेरीराजपुरम्, आडुतुरै, वृद्धाचलम्, तिरुक्कोडिकावल अशा अनेक क्षेत्री त्यांचे हे कार्य दिसते. तिरुक्कोडिकावलची हकिकत तर मनावर कोरून ठेवण्याजोगी आहे. जुन्या देवळावर पूर्वीच्या दात्यांच्या दानांचे लेख होते. विटा उतरविल्या की ते नष्ट होणार, म्हणून नव्या पाषाणभिंतींवर ते पुन्हा कोरविण्यात आले. स्वतःचे नाव मोठे करताना दुसऱ्याचे नाव पुसू न देणे हा गुण राजवाड्यात काय आणि सामान्य घरांत काय, दुर्मिळच म्हटला पाहिजे. कोनेरीराजपुरम् येथील देऊळ त्यांनी पतीच्या स्मरणार्थ बांधविले. तेथे लिंगाची पूजा करणारा गंडरादित्य दगडात कोरलेला आहे. इतकेच नव्हे, तर ते देऊळ उभारणाऱ्या सात्तन गुणभट्टनाची आकृतीही तेथे आहे. बांधणाऱ्याला बांधविणाऱ्यांच्या शेजारी स्थान मिळाल्याचे असे उदाहरण आपल्या देशात विरळा.

तांडव करणाऱ्या शिवाची मूर्ती देवळाच्या भिंतीवरील कोनाड्यात बसविण्याची रीत महादेवींच्या देवळांत रुळली. नटराजाच्या धातुमूर्तींचा प्रसारही याच काळात झाला. त्यात विद्वानांनी महादेवींना मोठे श्रेय दिले आहे. त्या मूर्तीचा अर्थ ध्यानी घेण्यासारखा आहे. एका हातातील डमरू म्हणजे सृष्टीचा आरंभ, दुसऱ्या हातातील अग्नी म्हणजे तिचा लय, तिसरा हात अभय देणारा, चौथा उचललेल्या पावलाकडे, म्हणजे मुक्तीच्या आश्रयाकडे निर्देश करणारा. पायाखाली चिरडलेला बुटका अपस्मार हे अज्ञान होय. जिच्या संसारात आरंभ आणि लय इतक्या लवकर एकापाठोपाठ आले त्या राणीस हेच रूप जवळचे वाटावे, यात आम्हांस नवल वाटत नाही.

मूर्ती धातूचीच का, असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. गाभाऱ्यातील पाषाणाचा देव जागचा हलत नाही. देवळाची पायरी चढू न शकणाऱ्या वृद्धांना, आजाऱ्यांना आणि त्या काळी जिला प्रवेश नाकारला जाई त्या प्रजेलाही दर्शन घडावे, यासाठी देवाने रस्त्यावर यावयाचे असते. ही उत्सवमूर्ती होय. तिच्या बैठकीस दांडे ओवण्यासाठी कड्या किंवा भोके ठेवलेली असतात. ती घडविण्याची रीत ओतकाम जाणणाऱ्या आपल्या ज्ञातिबांधवांस परकी नाही. प्रथम मेणाची मूर्ती करावयाची, तीवर बारीक मातीचे थर चढवावयाचे, साचा तापवून मेण वाहू द्यावयाचे आणि मोकळ्या झालेल्या जागी तांबे मुख्य असलेला वितळलेला धातू ओतावयाचा. शेवटी साचा फोडावा लागतो. म्हणून एका साच्यातून एकच मूर्ती निघते, तिला जुळी बहीण नसते. कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसरा सोमेश्वर या राजाने बाराव्या शतकात आपल्या मानसोल्लास या ग्रंथात या विधीचे वर्णन केले आहे.

अखेर इ. स. ९७० नंतर उत्तम चोळ सिंहासनावर आला आणि आईने पुत्राचे राज्य डोळ्यांनी पाहिले. महादेवींच्या नावाने वसलेल्या गावी कैलासनाथाचे देऊळ उभे राहिले, आणि सासूच्या जन्मनक्षत्राच्या दिवशी तेथे अन्नदान व्हावे म्हणून सुनांनी दाने दिली. सासू-सुनांच्या नात्याची ही साक्ष आमच्या भगिनींनी अवश्य लक्षात ठेवावी. इ. स. ९८५ मध्ये पुतण्याचा पुत्र राजराज गादीवर आला. त्याच्या राज्यातही महादेवींचा मान तसाच राहिला. त्यांच्या दानांचे लेख सुमारे इ. स. १००१ पर्यंत आढळतात. राजराजाने तंजावरचे बृहदीश्वर मंदिर १०१० मध्ये पुरे केले आणि त्याची बहीण कुंदवै हिने तेथे आपल्या मातापित्यांच्या धातुमूर्ती बसविल्या. महादेवींनी घालून दिलेला कित्ता घराण्याने असा गिरविला.

परंतु मूर्ती घडविणे हे अर्धेच काम. ती जतन करणे हे उरलेले अर्धे. पुढे परचक्राच्या काळी पुजाऱ्यांनी अनेक उत्सवमूर्ती जमिनीत पुरून वाचविल्या. महादेवींच्याच काळातील शिवपुरम् येथील नटराज १९५१ मध्ये असाच भूमीतून वर आला. १९५४ मध्ये तो दुरुस्तीसाठी बाहेर दिला गेला आणि देवळात परत आली ती नक्कल! लोक त्या नकलेस हात जोडीत राहिले. मूळ मूर्ती १९७३ मध्ये अमेरिकेतील एका संग्राहकाने विकत घेतली, आणि दीर्घ तंट्यानंतर १९८६ मध्ये ती भारतात परतली. शत्रूपासून राखलेला देव घरच्या बेसावधपणाने गेला, हे या कथेचे सार आहे.

आपल्या देव्हाऱ्यासही हे लागू आहे. सणासुदीला चिंच आणि रांगोळीने देव खसाखसा घासल्याने नाक-डोळे बोथट होतात. मीठ-लिंबाचा अंश खाचांत राहिल्यास धातू आतून खाल्ला जातो. अभिषेकानंतर मूर्ती स्वच्छ पाण्याने धुऊन मऊ सुती वस्त्राने खाचाखोचांसह कोरडी करावी. जुन्या मूर्तीवरील तपकिरी साय तिचे रक्षणच करते, ती खरवडू नये. हिरवी भुकटी सुटून पसरू लागली तर मात्र जाणकारास दाखवावी. टाक उजळावयास देताना वजन करून, छायाचित्र काढून द्यावा आणि परत घेताना ताडून पाहावा. वाटणीच्या वेळी आजी-पणजीचे देव मोडीच्या भावाने तराजूत घालण्याचे प्रसंग आमच्या ऐकण्यात येतात, तेव्हा मन विषण्ण होते. मोडीत धातूची किंमत येते. ज्या हातांनी तो देव पुजला त्यांची येत नाही.

महादेवींच्या काळच्या ओतारींची नावे मूर्तींवर कोरलेली नाहीत. त्यांची कीर्ती मूर्ती टिकण्यावरच अवलंबून राहिली. आपल्या पूर्वजांचेही तसेच आहे. येत्या सणाला देव उजळताना प्रत्येक घराने आपल्या देव्हाऱ्यातील मूर्तींची एक यादी करावी, कोणता देव कोणी आणला हे वडीलधाऱ्यांस विचारून त्यात लिहावे आणि ती मुलांच्या हाती द्यावी, एवढी विनंती करून आम्ही वाचकांची रजा घेतो.