आपला रविवार आणि नारायण मेघाजी लोखंडे

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असा कमिटीचा निरोप आला तेव्हा सोसायटीच्या आठवणी लिहाव्यात असं आधी वाटलं. पण त्या इतरांनी माझ्यापेक्षा चांगल्या लिहिल्या असतील. म्हणून मी एका अशा माणसाबद्दल लिहितोय, ज्याच्यामुळे पंचवीस वर्षं आपली वार्षिक सभा रविवारी भरते आणि सगळे घरी सापडतात. ते म्हणजे रावबहादूर नारायण मेघाजी लोखंडे.

आपण राहतो त्या गिरणगावाची सुरुवात ताडदेवला झाली. कावसजी दावर यांनी 1854 साली मुंबईतली पहिली कापड गिरणी काढली. पुढच्या तीस वर्षांत परळ, लालबाग, भायखळा या भागांत धुराडीच धुराडी उभी राहिली. कोकणातून, घाटावरून माणसं आली आणि खोल्यांमधून दाटीवाटीने राहू लागली. आपल्यापैकी अनेकांचे पणजोबा त्यांतलेच.

त्यांचं काम कसं होतं? सूर्य उगवला की साचे सुरू, मावळला की बंद. उन्हाळ्यात तेरा-चौदा तास सहज भरायचे. आठवड्याची ठरलेली सुट्टी नाही. सण आला तर गिरणी बंद, नाहीतर रोज काम. एखाद्या रविवारी साचे बंद ठेवले तरी सकाळी यंत्रं पुसायला बोलावणं यायचं. 1881 साली कारखान्यांचा पहिला कायदा आला, पण तो मुलांपुरता. सात वर्षांखालच्या पोराला कामावर घ्यायचं नाही, बारा वर्षांपर्यंतच्याला नऊ तासांपेक्षा जास्त राबवायचं नाही, एवढंच. मोठ्या बायाबाप्यांसाठी त्यात काही नव्हतं.

लोखंडे यांचा जन्म 1848 चा, ठाण्याचा. घराणं मूळचं पुणे जिल्ह्यातल्या कन्हेरसरचं, फुलमाळी समाजातलं. परिस्थिती बेताची, त्यामुळे शिक्षण फार झालं नाही. रेल्वेत, मग पोस्टात नोकरी केली आणि पुढे गिरणीत स्टोअरकीपर झाले. म्हणजे गिरणी त्यांनी आतून पाहिली होती. जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक समाजाचे ते कार्यकर्ते. कृष्णराव भालेकरांनी पुण्यात काढलेलं दीनबंधू हे पत्र बंद पडलं होतं. ते लोखंड्यांनी 1880 साली मुंबईत पुन्हा सुरू केलं. गिरणीतल्या माणसाचं गाऱ्हाणं मराठीत छापून येऊ लागलं.

1884 साली मुंबई सरकारने कारखान्यांच्या चौकशीसाठी कमिशन नेमलं. लोखंड्यांनी ही संधी सोडली नाही. सप्टेंबरमध्ये परळला सुपारीबागेत कामगारांची सभा भरवली आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज कमिशनकडे दिला. मागण्या पाहा : रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढंच काम, पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत, आणि यंत्रात जखमी झालेल्याला भरपाई. आज वाचताना यात जास्त काय मागितलं, असंच वाटतं. पण ते पदरात पडायला सहा वर्षं गेली.

त्यांच्या बॉम्बे मिलहँड्स असोसिएशनला ना वर्गणी होती, ना सभासदांची यादी, ना लिखित नियम. आपल्याकडे उपविधी आहेत, सिंकिंग फंड आहे, तरी लिफ्टच्या दुरुस्तीवर एकमत व्हायला तीन सभा लागतात! त्यांनी नुसत्या सभा, अर्ज आणि दीनबंधूच्या जोरावर हजारो माणसं बांधून ठेवली. 24 एप्रिल 1890 ला महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर दहा हजारांवर कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार बायका उभ्या राहून बोलल्या. 1890 साली हे केवढं धाडस असेल! अखेर 10 जून 1890 ला गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्या वर्षीच्या कायद्यात साप्ताहिक सुट्टी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती दोन्ही आलं. जोतीराव त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये गेले, पण रविवार मिळालेला त्यांनी पाहिला.

लोखंडे तेवढ्यावर थांबले नाहीत. विधवांचं केशवपन करायचं नाही म्हणून त्यांनी मुंबईतल्या नाभिकांना एकत्र आणलं. 1893 च्या दंग्यानंतर हिंदू-मुसलमानांत सलोखा व्हावा म्हणून झटले. 1896 साली मुंबईत प्लेग शिरला. लोक शहर सोडून पळत होते, तेव्हा हे रुग्णांसाठी इस्पितळ उभारण्याच्या खटपटीत होते. त्यातच त्यांना प्लेगने गाठलं आणि 9 फेब्रुवारी 1897 ला ते गेले. वयाची पन्नाशीही गाठली नव्हती. 2005 साली त्यांचं टपाल तिकीट निघालं, आणि परळच्या श्रम विज्ञान संस्थेलाही त्यांचं नाव आहे.

माझे वडील साचेखात्यात होते. रविवारी भोंगा झाला तरी ते उठत नसत, आणि आई आम्हाला आवाज करू देत नसे. घरात आठवड्यातून एकदा दिसणारा दिवसाउजेडीचा बाप, एवढाच त्या सुट्टीचा अर्थ आम्हा पोरांना ठाऊक होता.

आता एक कबुली. मी खजिनदार असताना आपल्या वॉचमनने आठवड्याची सुट्टी मागितली होती. त्यासाठी एक बदली माणूस ठेवावा लागला असता. मेंटेनन्स वाढेल म्हणून मीच विषय पुढे ढकलला. तो विषय पुन्हा कधी निघाला नाही. आजही आपल्या गेटवरचा माणूस बारा तासांची पाळी करतो, रविवारसकट. लोखंड्यांवर लिहायला बसलो आणि सगळ्यात आधी तो आठवला. गिरणी कामगाराच्या मुलाने असं करायला नको होतं.

म्हणून या वर्षीच्या सभेत बदली वॉचमन नेमण्याचा ठराव मी मांडणार आहे. खर्च फ्लॅटमागे किती येतो त्याचा हिशेबही काढून आणतो. सभा रविवारीच आहे. कृपया सर्वांनी वेळेवर यावं.