रडारला चकवणारी जोन

डब्यात पोळ्या गुंडाळायला आपण जी चकचकीत फॉईल वापरतो ना, साधारण तशाच कागदाच्या पट्ट्या कापून एका बाईने दुसऱ्या महायुद्धात जर्मनीची रडार गोंधळवून टाकली होती. जोन करन तिचं नाव. रडारच्या इतिहासात ते मानाने घेतलं जातं, पण मला ते भेटलं भलत्याच वाटेने. विशेष मुलांच्या पालकांचा आमचा एक गट आहे, महिन्यातून एकदा आम्ही जमतो. बाहेरच्या देशांत असे गट कसे सुरू झाले, हे एका बैठकीसाठी मी शोधत होते. स्कॉटलंडच्या पालक-संघटनेच्या संस्थापकांमध्ये हे नाव होतं आणि पुढे लिहिलं होतं, भौतिकशास्त्रज्ञ. मी पडले आर्ट्सवाली. पण त्या दिवशी कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहून गेल्या, एवढं खरं.

जोनचा जन्म २६ फेब्रुवारी १९१६ चा, वेल्समधल्या स्वॉन्सी शहरातला. वडील चष्म्याच्या व्यवसायातले. पोरगी हुशार. १९३४ साली शिष्यवृत्ती मिळवून ती केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजात गेली. भौतिकशास्त्र शिकली, शिवाय होडी वल्हवण्याच्या शर्यतीत ऑक्सफर्डच्या मुलींविरुद्धही उतरली. ऑनर्सची परीक्षा पास झाली, पण पदवी काही मिळाली नाही. कारण केंब्रिज तेव्हा बायकांना पूर्ण पदवी देतच नव्हतं. परीक्षा तीच, अभ्यास तोच, पण पदवीचा मान पुरुषांना! ही रीत बदलायला १९४८ साल उजाडावं लागलं. आपल्याकडच्या विद्यापीठांनी त्याच्या कितीतरी आधी मुलींना पदव्या दिल्या होत्या, हे वाचून मला उगाचच बरं वाटलं.

प्रयोगशाळेत काम करताना सॅम करनशी ओळख झाली. १९४० मध्ये लग्न झालं आणि दोघंही युद्धाच्या संशोधनात ओढली गेली. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर स्वानेज गावाजवळ रडारचं मोठं संशोधन केंद्र होतं, तिथे जोन शत्रूच्या रडारला चकवण्याच्या कामावर लागली.

आता रडार म्हणजे काय, मला समजलं तसं सांगते. विहिरीत हाक मारली की आवाज परत येतो, तसं. रडार रेडिओलहर सोडतं, ती विमानावर आपटून परतते आणि पडद्यावर ठिपका उमटतो. आता हवेत दुसरंच काहीतरी सोडलं, ज्यावरून लहर तशीच परत येईल, तर? पडद्यावर ठिपकेच ठिपके. खरं विमान कुठलं आणि खोटं कुठलं, ओळखायचं कसं? ही कल्पना आधीही काहींना सुचली होती. पण कशाचे तुकडे, केवढे, किती, हे १९४२ साली प्रयोग करकरून पक्कं केलं ते जोनने. तारा वापरून पाहिल्या, पत्रकाएवढे कागद पाहिले. शेवटी ठरली काळ्या कागदावर ॲल्युमिनियमचा वर्ख चिकटवलेली पट्टी, २७ सेंटिमीटर लांब आणि २ सेंटिमीटर रुंद. लांबी उगाच नव्हती. जर्मनांच्या वुर्झबर्ग रडारची लहर ५३ सेंटिमीटरच्या आसपास होती. पट्टी तिच्या निम्मी असली की ती लहर चांगली परतवते. या युक्तीचं गुप्त नाव होतं विंडो.

गंमत अशी, की ही युक्ती वर्षभर कपाटातच राहिली. जर्मन ती उचलतील आणि लंडनवर वापरतील, ही भीती. आणि जर्मनांनाही ती आधीच सुचलेली होती, त्यांनीही अगदी त्याच भीतीने ती दडवून ठेवली होती!

२४ जुलै १९४३ च्या रात्री ७९१ ब्रिटिश विमानं हॅम्बुर्गवर निघाली. वाटेत पट्ट्यांची पुडकी सोडत गेली. जर्मन पडदे ठिपक्यांनी भरून गेले. फक्त १२ विमानं पडली. केवढे वैमानिक वाचले! पण पुढच्या काही रात्री ते शहर पेटत राहिलं. त्या हल्ल्यांत पस्तीस ते चाळीस हजार माणसं गेली, त्यात बायका-मुलं किती तरी. मला इथे वाचन थांबवावं लागलं. हुशारीचं कौतुक करताना ही गोष्ट गाळणं मला तरी जमणार नाही.

जर्मन लवकरच सावरले. पट्ट्या वाऱ्यावर तरंगतात, विमान मात्र वेगाने पुढे जातं. जवळ येणाऱ्या गाडीची शिट्टी कशी चढ्या सुरात ऐकू येते, तसाच फरक धावत्या विमानावरून परतलेल्या लहरीतही पडतो. तो पकडून खरा ठिपका वेगळा काढणारी जोडणी त्यांनी रडारला लावली. ती पुरी पडली नाही, तो भाग वेगळा. जून १९४४ मध्ये नॉर्मंडीवर सैन्य उतरलं, त्या रात्रीसुद्धा दुसऱ्या बाजूला मोजूनमापून पट्ट्या टाकून जहाजांचा खोटा ताफा पडद्यावर उभा केला गेला.

त्याच वर्षी करन दांपत्य अणुबॉम्बच्या कामासाठी अमेरिकेत बर्कलेला गेलं. तिथे त्यांना मुलगी झाली आणि ती बौद्धिकदृष्ट्या अतिशय दुर्बल असल्याचं कळलं. युद्ध संपल्यावर ते ग्लासगोला आले. पुढे तीन मुलगे झाले. नवरा मोठमोठ्या पदांवर गेला, १९६४ मध्ये स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठाचा प्रमुख झाला. जोनने १९५४ साली नवरा आणि काही मित्रमंडळींना बरोबर घेऊन अशा मुलांच्या पालकांची संघटना काढली. घराघरात एकट्याने सोसणारे आई-बाप एकत्र आले. तिच्या हयातीतच संघटनेच्या शंभरेक शाखा झाल्या, पाच हजारांवर सभासद. अपंगांना इमारतींत नीट येता-जाता यावं, यासाठीही ती झटली.

१९८७ मध्ये स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठाने तिला मानद डॉक्टरेट दिली. तेव्हा ती ७१ वर्षांची होती. १० फेब्रुवारी १९९९ रोजी ती गेली.

बैठकीत मी स्वयंपाकघरातली फॉईल नेली होती, फूटपट्टीने मोजून २७ सेंटिमीटरची पट्टी कापून दाखवली. रडारचं ऐकताना दोघी-तिघी घड्याळाकडे बघत होत्या. मग मुलीचं सांगितलं, आणि सगळ्या खुर्च्या पुढे ओढून बसल्या.